माझे वडील आजारी आहेत

आमच्या घरी मीठ मागायचं तरी वाक्य बरोबर लागायचं. जेवायला बसल्यावर माझ्या तोंडून 'माले मीठ दे' निघालं की बाबा घास हातात धरून थांबायचे आणि विचारायचे, "कोणाला?"

"माले."

"कोणाला?"

मग माझ्या लक्षात यायचं. "मला."

"हं. आता पूर्ण वाक्य."

पूर्ण वाक्य होईपर्यंत मिठाची वाटी त्यांच्या ताटाच्या पलीकडे असायची. मी लहान होते, मला तो खेळ वाटायचा. आई मात्र त्या वेळी चुलीकडे तोंड करून बसायची. तिच्यासाठी तो खेळ नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

बाबा शहाद्याजवळच्या एका हायस्कुलात मराठीचे शिक्षक होते. व्याकरण हा त्यांचा हातखंडा. त्यांनी शिकवलेला प्रयोग मुलं जन्मभर विसरत नाहीत, असं लोक म्हणायचे. स्वतः ते तापीकाठच्या शेतकरी घरातले, अहिराणीतच वाढलेले. पण शिकायला बाहेर गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुलांनी त्यांच्या 'पानी'ला आणि 'शे'ला हसून हसून नकोसं केलं होतं. ही गोष्ट ते मोठ्या मजेने सांगायचे, आणि सांगायचे अहिराणीतच. कारण घराबाहेर, ओट्यावर, पानटपरीवर, लग्नाच्या मांडवात ते अहिराणीच बोलायचे.

ओट्यावरचे बाबा वेगळेच होते. तिथे ते मांडीवर थाप मारून हसायचे, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकायचे, कुणाच्या म्हशीपासून कुणाच्या सुनेपर्यंत सगळ्यांची चौकशी करायचे. "काय रे भो, कथा जाई ऱ्हायना?" अशी, कुठे चाललास म्हणून, हाक मारली की रस्त्याने चाललेला माणूस वळून ओट्यावर यायचाच. मग ते उठायचे, चपला काढून उंबऱ्याच्या आत यायचे, आणि त्यांचा आवाजच बदलायचा. घरातल्या मराठीत त्यांच्या वाक्यांना कर्ता नसायचा. "आवाज नको." "ताट वाढलं गेलं पाहिजे." "काल सांगितलं गेलं होतं." कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, काही नाही. जणू घराच्या भिंतीच हुकूम सोडत होत्या. त्यांनी आईवर कधी हात उगारला नाही. त्याची त्यांना गरजच पडली नाही.

आई कोरीटची. नंदुरबारजवळ गाव, माहेरी शेती, बाप गावात मानाचा माणूस. सातवी झाल्यावर तिची शाळा सुटली. अहिराणीत तिच्याइतकं धारदार बोलणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. दूधवाला गेला की ती पातेल्यात डोकावून म्हणायची, "मरी जाय तो. दूधमा पानी नही टाकस, पानीमा दूध टाकस." शेजारच्या बायका तिचं ऐकायला मुद्दाम परातीत तांदूळ घेऊन निवडायला यायच्या. ती नकला करायची, सासरच्या एकेका माणसाची चाल करून दाखवायची. हसताना तिचा पदर खांद्यावरून घसरायचा आणि ती तो तसाच राहू द्यायची.

आणि बाबा घरात आले की ती बाई मुकी व्हायची. मराठीत तिला फक्त नामं यायची. चहा. पाणी. भाजी. तेसुद्धा नीट नाही. 'ळ' तिच्या जिभेला वळायचाच नाही. केळ्याला ती केयं म्हणायची, डोळ्याला डोया. एकदा बाबा तिला काहीतरी टाकून बोलल्यावर ती दाराशी उभी राहून रडायला लागली. मी जवळ गेले आणि विचारलं, "काय व्हयनं?" ती म्हणाली, "काही नही, डोयामा पानी ऊनं."

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलं."

तिने दाराची चौकट धरली.

"म्हण. डोळ्यांत पाणी आलं."

तिने म्हटलं. तीन-चार वेळा म्हटलं. शेवटच्या वेळी 'ळ' बऱ्यापैकी उमटला, तोवर डोळे कोरडे झाले होते. बाबांनी पान उलटलं.

मी सहावीत असताना कोरीटहून निरोप आला. आमच्याकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांकडे होता. शेजारीण धावत आली आणि आईच्या कानाशी लागली. आईच्या हाताला कणीक होती. ती तशीच बाहेरच्या खोलीत गेली, मी तिच्यामागे. बाबांची सकाळची शिकवणी चालू होती. सतरंजीवर दहावीची मुलं बसली होती, फळ्यावर काहीतरी लिहिलेलं होतं.

"मन्हा बाप लई आजारी शे," आई म्हणाली. "माले कोरीटले जानं शे."

मागच्या रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. बाबांनी खडू खाली ठेवला.

"काय म्हणालीस?"

"मन्हा बाप..."

"मुलांनो, या वाक्यात किती चुका आहेत?"

मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. एकाने हात वर केला आणि 'शे'च्या जागी 'आहे' पाहिजे असं सांगितलं. बाबा म्हणाले, "शाबास. पण 'आहे'सुद्धा चूकच. का? कारण वडिलांविषयी बोलतोय आपण. आदरार्थी अनेकवचन." मग आईकडे वळून त्यांनी सांगितलं, "बाप नाही. वडील. माझे वडील आजारी आहेत. म्हण."

आईने हाताची कणीक बोटाबोटाने सोडवायला सुरुवात केली. "माझा वडील आजारी..."

"माझा नाही."

"माझे वडील आजारी शे."

मुलं मोठ्याने हसली. बाबाही हसले, पण त्यांचं हसू मुलांकडे होतं, तिच्याकडे नाही. ती मात्र त्या मुलांकडे पाहतच नव्हती. ती फळ्याकडे पाहत होती, जणू तिथे कुठेतरी ते वाक्य लिहून ठेवलेलं असेल. मला रडू येत होतं आणि मला ते वाक्य येत होतं. मी ओठ हलवून तिला दाखवत होते.

"माझे वडील आजारी आहेत," शेवटी ती म्हणाली. "मला कोरीटला जायचं आहे."

"आता कसं," बाबा म्हणाले. "जा."

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा नंदुरबारची गाडी निघून गेलेली होती. ती किती आधी गेली, शिकवणीत झालेल्या त्या वेळात मिळाली असती की नाही, हे मला माहीत नाही. आईने कुणालाही विचारलं नाही. ती बाकावर बसून राहिली, पुढची गाडी लागली तेव्हा चढली. खिडकीतून केळीच्या बागा जात होत्या, ऊस जात होता. ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेत असेल. कान देऊन ऐकलं तर ती म्हणत होती, "माझे वडील आजारी आहेत. माझे वडील आजारी आहेत."

कोरीटला पोचलो तेव्हा अंगणात माणसं होती. आजोबा गेले होते. धाकट्या मावशीचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, ती घरीच होती. ती आईच्या गळ्यात पडली आणि रडत सांगू लागली की बाप शेवटपर्यंत विचारत होता, मन्ही आंडेर ऊनी का, मन्ही आंडेर ऊनी का. माझी लेक आली का. बायकांनी हेल काढला. आमच्याकडे बायका नुसत्या रडत नाहीत, गेलेल्या माणसाला उद्देशून बोलत बोलत रडतात. त्याने काय काय केलं, काय मागे ठेवलं, आता कुणाकडे बघायचं, सगळं त्या रडण्यात येतं. आता थोरल्या लेकीने सुरुवात करायची, म्हणून सगळ्या थांबल्या.

आई आजोबांच्या पायाशी बसली. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "माझे वडील..."

तिथेच थांबली. पुन्हा म्हणाली, "माझे वडील गेले."

पुढारलेल्या घरातली, परगावची कुणी बाई चुकून आत शिरावी आणि तिने आपल्या मयतावर हात ठेवावा, तसं बायका तिच्याकडे पाहत होत्या. मावशीने तिचा दंड सोडला. एक म्हातारी मागून म्हणाली, "आते तरी आपली बोल वं बाई."

आईला ते येईना. मी तिच्याजवळ बसले होते, मला दिसत होतं की ती शोधतेय. तिचा जबडा हलत होता. 'बाप' हा शब्द तिला मिळत नव्हता. सकाळी तिच्या हाताला कणीक असताना तो तिच्याकडून काढून घेतला गेला होता आणि जागेवर दुसरा ठेवला होता, आणि आता तो दुसराच पुढे येत होता. मग दुसऱ्या कुणीतरी हेल काढला आणि रडणं तिच्याशिवाय पुढे सुरू झालं.

दिवस झाल्यावर आम्ही परत आलो. आईने माझं बालभारती मागितलं. मी अभ्यासाला बसले की ती शेजारी भाजी निवडायला बसायची आणि मला धडा मोठ्याने वाचायला लावायची. दुपारी टीव्हीवरच्या बातम्या लावून बातम्या देणाऱ्या बाईच्या मागोमाग ओठ हलवायची. 'ळ' तिने कसा आणला ते मी पाहिलंय. मोरीत तोंड धुताना, आरशासमोर, जीभ वर नेऊन, कितीतरी दिवस. काळा. मळा. गळा. सकाळ. एके दिवशी तिने मला विचारलं, "'आपण' कव्हय म्हंतस?" कधी म्हणतात.

मी म्हटलं, "मोठ्या माणसाला म्हणतात. किंवा परक्या माणसाला."

"परक्याले बी?"

"हो."

दुसऱ्या दिवसापासून ती बाबांना 'आपण' म्हणू लागली.

बाबांना सुरुवातीला फार अभिमान वाटला. सहकारी शिक्षक घरी आले की ते तिला मुद्दाम बाहेर बोलवायचे. ती यायची आणि म्हणायची, "नमस्कार. आपण चहा घेणार की सरबत?" एकही चूक नाही. लोक म्हणायचे, सर, तुम्ही तर घरातच शाळा काढली. बाबा खुर्चीत मागे रेलून बसायचे. त्यांना काय दिलं जात होतं हे कळायला त्यांना बरीच वर्षं लागली.

तिने त्यांना पुन्हा कधी काही मागितलं नाही. तिची सगळी वाक्यं विधानार्थी असायची. "जेवण तयार आहे." "उद्या गॅस संपेल." "मुलीची परीक्षा सोमवारपासून आहे." तिने त्यांच्याकडे तक्रार केली नाही, त्यांना टोमणा मारला नाही, त्यांच्यासमोर ती रडली नाही. भांडायला जी भाषा लागते ती तिने त्यांच्यापुरती बंद केली होती. मला आणि शेजारणींना ती पूर्वीचीच होती. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज यायचा, बाबा दारात येऊन उभे राहायचे, आणि तिचं वाक्य मधेच वळायचं. अर्धं अहिराणीत सुरू झालेलं वाक्य ती शुद्ध मराठीत संपवायची आणि विचारायची, "आपल्याला काही हवं आहे का?" बाबा म्हणायचे, "नाही. नाही." आणि परत जायचे.

मी शिकले, अक्कलकुव्याला सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता म्हणून लागले. माझ्या खिडकीशी डोंगरातली माणसं येतात, त्यांची भाषा भिली आणि पावरी. मला त्यातलं कामापुरतं येतं. गोळी, सकाळ, संध्याकाळ, पाण्याबरोबर, उपाशी नको. त्या भाषेत मला भूतकाळ नाही आणि 'तरी मी सांगितलं होतं' असं म्हणता येत नाही. म्हणून त्या खिडकीशी मी फार शांत बाई आहे असं लोक समजतात. खिडकीच्या आत, सहकाऱ्यांशी मराठीत बोलताना, माझ्या आवाजात बाबा येतात. ते मला ऐकू येतं. कधी कधी मी बोलता बोलता थांबते, कधी थांबत नाही.

बाबा निवृत्त झाले. ओट्यावरची माणसं एकेक करून कमी झाली. आणि मग मोबाइल आला. कुणीतरी त्यांना सांगितलं की आजकाल अहिराणीला फार दिवस आलेत, पोरं अहिराणीत व्हिडिओ करतात आणि लोक बघतात. बाबांनी बाहेरच्या खोलीत खुर्ची मांडली, मागे चादर टांगली. "राम राम, मंडई! आज आपू एक शब्द लेऊत." ते एक शब्द घ्यायचे, त्यावर गोष्ट सांगायचे, हसवायचे. ओट्यावरचे बाबा होते ते, पुरेपूर. लोकांना आवडलं. सुरतेला, पुण्याला गेलेली खानदेशातली माणसं त्यांना लिहायची, सर, डोळे भरून आले. ज्यांना त्यांनी 'शे' म्हटलं म्हणून बाकावर उभं केलं होतं, ती मुलंही लिहायची. गावातल्या एका कार्यक्रमात शाल मिळाली. मातृभाषा जपणारे म्हणून.

मग लोक म्हणायला लागले, काकूंनाही आणा. नवरा-बायको बोलतानाचा व्हिडिओ करा, लई मजा येईल.

त्या सुमारास मी घरी गेले होते. दुपारी बाबा स्वयंपाकघरात आले. दारात थांबले नाहीत, आत आले, खाली बसले. मी त्यांना तिथे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आई तूर पाखडत होती. बाबा अहिराणीत म्हणाले, "तुन्हा कोरीटकडना कितला शब्द मी इसरी गऊ. तू सांग ना." माझ्या समजुतीप्रमाणे लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदा तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला सुरुवात केली होती.

"मला आठवत नाहीत," आई म्हणाली.

"काही बी बोल. मन्हासंगे एकदाव तरी आपली बोल ना."

आईने सूप खाली ठेवलं. "आपल्याला चहा हवा असेल तर मी करते."

बाबा उठले. उठताना त्यांना गुडघ्यावर हात टेकावा लागला. मला त्यांची दया आली, खरंच आली. ते गेल्यावर मी आईला म्हटलं, "माय, एक डाव बोली टाक ना. कितला म्हातारा व्हयना तो."

ती हसली. तिचं ते खरं, अहिराणीतलं हसू. "आते त्याले मन्ही बोली गोड लागस का? मी काय कापूस शे, भाव वाढना का बजारमा काढाले?" बाबांना ती त्यांच्यासमोर 'आपण' म्हणायची आणि माझ्याशी बोलताना 'तो'. त्या दोन शब्दांपैकी 'तो' हाच जवळचा होता. तो त्यांनी कधी ऐकला नाही.

काही महिन्यांनी बाबांनी मावशीला बोलावलं. मावशी आता शहाद्यातच राहते, मुलाकडे. बडबडी, मोकळी, कॅमेऱ्याला न बुजणारी. "काय दाजी, कसं काय?" म्हणून ती सुरू झाली की थांबायची नाही. रविवारी बाहेरच्या खोलीत मेहुणा-मेहुणीची जुगलबंदी रंगायची आणि आई आतून चहाचे कप आणून ठेवायची. तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. कप ठेवताना ती कॅमेऱ्यात येणार नाही अशी वाकायची.

एका रविवारी बाबांनी मावशीला विचारलं की शुद्ध बोलायच्या नादात लोक काय काय गमती करतात. मावशीला लगेच आठवलं. तिने पदर खोचला आणि आजोबांच्या मयताची गोष्ट सांगितली. मोठी बहीण शहाद्याहून कशी आली, मास्तरणीसारखी कशी बसली, आणि सगळ्या बायका रडायला तयार असताना आवाज बारीक करून काय म्हणाली. "म्हने, माझे वडील गेले! मी देखतच ऱ्हायनू. कोना वडील वं बाई? आठे ते मन्हा बाप मरी जायेल शे!"

बाबा हसले. इतके हसले की खुर्चीवरून पुढे झुकले, चष्मा काढून डोळे पुसले. चहाचे कप आणलेली आई त्या वेळी दारात होती. व्हिडिओत तिच्या साडीचा काठ दिसतो.

तो व्हिडिओ त्यांच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त पाहिला गेला. मला तो दवाखान्यातल्या एका सिस्टरने पाठवला, खाली हसणारे चेहरे टाकून. तिला माहीत नव्हतं ती बहीण कोण. शहाद्यात गल्लीतल्या पोरांना माहीत होतं. आई भाजी आणायला निघाली की कुणीतरी मागून बारीक आवाजात म्हणायचं, "माझे वडील!"

मी रजा काढून घरी गेले. बाबांना म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाका. ते गोंधळले. "काब्रं? गंमत शे ती." मी त्यांना विचारलं, आई तसं का बोलली हे तुम्हाला माहीत आहे का? त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. त्यांना ती सकाळ आठवत नव्हती. शिकवणी, मुलं, फळा, काही नाही. मी सांगितलं. सगळं सांगितलं, आईच्या हाताच्या कणकेसकट. सांगताना माझा आवाज चढला होता आणि मी मराठीत बोलत होते, हे मला नंतर कळलं.

बाबा ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ओट्यावरचा माणूस गेला आणि जुना माणूस येऊन खुर्चीत बसला. "वाक्य शिकवलं गेलं, एवढंच ना?" ते म्हणाले. "त्यात व्याकरणाची काही चूक होती का?"

मी त्यांचा मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला.

"चूक होती का? सांग."

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी व्हिडिओ काढून टाकला. संध्याकाळपर्यंत काढला. पण तोवर तो गावोगावच्या ग्रुपमध्ये गेलेला होता, आणि तो कुणी काढणार नव्हतं.

मावशी दुसऱ्या दिवशी आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं. ती आईचे हात धरून रडली, म्हणाली मन्ह्या ध्यानमाच नही ऊनं. आई तिला म्हणाली, "बस. मी पाणी आणते." मावशीला आधी कळलं नाही. मला कळलं. आई सख्ख्या बहिणीशी मराठीत बोलत होती. मावशी पाणी प्यायली, तिने पुन्हा अहिराणीत काहीतरी विचारलं, आईने मराठीत उत्तर दिलं, नीट, प्रेमळ, 'तुझी तब्येत कशी आहे' वगैरे. मावशी लवकर उठली. त्यानंतर ती रविवारी येईनाशी झाली.

मग शेजारणींशी. दूधवाल्याशी. मला वाटलं हा राग आहे, ओसरेल. मी अक्कलकुव्याला परत आले आणि रात्री जेवणाच्या वेळी नेहमीसारखा तिचा फोन आला. ती दरवेळी विचारायची, "जेवनी का वं?" त्या दिवशी तिने विचारलं, "तू जेवलीस का?"

"माय, मी शे," मी म्हटलं. "मन्हासंगे काब्रं असं बोली ऱ्हायनी?"

"मला आता हेच सोपं जातं," ती म्हणाली. "तिकडे पाऊस आहे का?"

गेल्या हिवाळ्यात ती आठवडाभर माझ्याकडे राहायला आली होती. मी कामावर गेले की ती दवाखान्याच्या आवारात बाकावर येऊन बसायची. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या बायका फार येतात. त्यांच्यात ती बसायची, त्या आपसात पावरीत बोलायच्या, हसायच्या, कुणी तिला पोर धरायला द्यायचं. मी खिडकीतून पाहायचे. तिचा पदर खांद्यावर नीट पिन लावलेला असायचा. एकदा मी विचारलं, तुला काय समजतं त्यांचं?

"एक अक्षरही समजत नाही," ती म्हणाली. एवढंच.

मी अजून तिच्याशी अहिराणीतच बोलते. ती माझं सगळं ऐकते, चूक काढत नाही, आणि मराठीत उत्तर देते. पूर्वी ती माझ्याशी जे बोलायची त्यातलं काहीच आता तिला बोलता येत नाही. ती दूधवाल्याला शिव्या देत नाही, 'दूध पातळ आहे' असं म्हणते. ती कुणाची नक्कल करत नाही. बाबांना ती 'तो' म्हणत नाही, माझ्याशी बोलतानाही 'ते' म्हणते. तिने बाबांना शिक्षा करायला घेतली होती असं मला वाटायचं. आता ती शिक्षा कुणाला चालली आहे ते मला सांगता येत नाही.

ती माझ्याकडे असताना बाबांचा फोन आला. "तुन्ही माय कव्हय येस?" त्यांचा आवाज थकलेला होता. ते आता व्हिडिओ करत नाहीत. ओट्यावर एकटे बसतात, असं शेजारी सांगतात.

मी म्हटलं, "तुम्हीच विचारा," आणि फोन आईच्या हातात दिला.

"बोला," आई म्हणाली. "ऐकते आहे."

पलीकडून नुसता बाबांचा श्वास मलाही ऐकू येत होता. आईने फोन कानाला तसाच धरून ठेवला, घाई न करता, शेंगा सोलत असल्यासारखी निवांत. शेवटी फोन बंद झाला तेव्हा तिने तो मला परत दिला.

"रविवारच्या गाडीने जाईन," ती म्हणाली. "त्यांचे जेवणाचे हाल होत असतील."